कुरळे केस, सरळ भांग

२०२५ च्या जानेवारीतील गोष्ट आहे. खामगावला आमच्या घरी मुलीच्या लग्नाची तयारी चालली होती. पत्रिका छापून आल्या होत्या, कार्यालय ठरले होते आणि सूर्यास्तापूर्वी शेवटची पंगत उठलीच पाहिजे यावरून आचाऱ्याशी रोज नव्याने बोलणी होत होती. अशाच एका दुपारी वधूच्या शृंगाराचे ठरवण्यासाठी पार्लरच्या ताई घरी आल्या. त्यांनी मुलीचा अंबाडा सोडला, केसांत बोटे घातली, ती मध्येच अडकली तशी हसून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “काकू, याला आधी स्मूदनिंग करून घेऊ. पंधरा दिवस आधी केलं की लग्नापर्यंत छान बसतील. नाहीतर फोटोत सगळं विस्कटलेलं दिसतं.”

मी लगेच मान डोलावली. खर्च किती येईल तेही विचारून घेतले. मुलगी मात्र शांतपणे म्हणाली, “मला केस सरळ करायचे नाहीत.” ताईंना वाटले, तिला पैशांचा संकोच होतो आहे, त्यांनी सवलत देऊ केली. ती पुन्हा नाही म्हणाली. ताई गेल्यावर मी तिला समजावू लागले. एका दिवसाचा तर प्रश्न आहे, चार लोक येणार, फोटो जन्मभर राहणार, असे आईला सुचते ते सारे बोलून झाले. तिने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “आई, पुन्हा?”

मी गप्प झाले. त्या एका शब्दाचा अर्थ घरात आम्हा दोघींनाच कळत होता. तो सांगायचा तर बराच मागे जावे लागेल.

माझे माहेर जळगाव जामोद तालुक्यातील एका खेड्यातले. सातपुड्याच्या पायथ्याकडून पूर्णेकडे उतरू लागले की खारपाणपट्टा सुरू होतो. तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. अशा पाण्याने धुतलेले केस राठ होतात. ते कुरळे असतील तर विचारायलाच नको. आमच्या घराण्यात कुरळे केस वडिलांच्या आईकडून आले. वडिलांनी ते नेहमी बारीक कापलेले असल्यामुळे कोणाच्या लक्षात आले नाहीत. माझ्या डोक्यावर मात्र आजीचा सगळा वारसा जसाच्या तसा उतरला. आईचे केस सरळ, मऊ आणि पाठीवर पाण्यासारखे पडणारे. आपल्या पोटी जन्मलेल्या मुलीच्या डोक्याचे काय करावे, हे तिला शेवटपर्यंत उमगले नाही.

रविवारी न्हाणे असे. चुलीवर रिठे आणि शिकेकाई उकळत ठेवलेली असे. खाऱ्या पाण्यात साबण हरतो, पण रिठ्याला फेस येतो, हे त्या भागातील बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. केस वाळले की आई मला पुढ्यात बसवून खोबरेल चोळी आणि बारीक दातांची फणी मुळापासून ओढत आणी. फणी अडकली की मी ओरडे. मी ओरडले की ती जास्तच ओढे. मग दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी, आणि कपाळावर सुटलेल्या बटांना पुन्हा तेलाचा हात. भुवया वर ताणल्या जातील इतक्या त्या वेण्या घट्ट असत. एकदा ओसरीवरून आजीने हे पाहिले आणि आईला हटकले, “काहून ओढून राह्यली वं पोरीचे केस? तो काय मोटेचा नाडा हाय?”

आजी स्वतः कोरड्या केसांना कधीच फणी लावत नसे. ओल्या केसांत बोटांनी गुंता सोडवायची, थोडे तेल तळहातावर घेऊन बटा मुठीत धरून दाबायची आणि माडीवर सावलीत बसून ते आपोआप वाळू द्यायची. वाळल्यावर त्यांना हात लावायचा नाही, हा तिचा नियम होता. पुढे पुण्यातील एका केशरचनाकाराने माझ्या मुलीला हीच रीत शिकवली आणि तिचे दीड हजार रुपये घेतले. आजीने हे ऐकले असते तर ती काय म्हणाली असती, याची कल्पना करून मी आजही हसते.

शाळेत मला ‘सुगरणीचा खोपा’ म्हणत. सुगरण ही किती कुशल विणकर असते हे तेव्हा कळले असते तर वाईट वाटले नसते. पण त्या वयात चिडवणे तेवढे ऐकू येते. एकदा मंदिरात दर्शन घेताना माझे लक्ष मूलनायकांच्या मस्तकाकडे गेले. आपल्या जिनप्रतिमांचे केस सर्वांनी पाहिलेले असतात, पण निरखून क्वचितच पाहिलेले असतात. लहान लहान, उजवीकडे वळलेल्या कुरळ्यांच्या ओळी शिल्पकाराने एकीला लागून एक कोरलेल्या असतात. मी आजीला विचारले, देवाचे केस माझ्यासारखे कसे? ती म्हणाली, “त्याइच्या केसाले कोणी फणी नाही लावत बाई, म्हणून तसेच रायले.” मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांना हे उत्तर मान्य होणार नाही. मला मात्र त्या दिवशी ते पुरले.

शाळेची सहल अजिंठ्याला गेली होती. बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेपासून लेणी फार लांब नाहीत, त्यामुळे आमच्या भागातील बहुतेक शाळांची पहिली सहल तीच असते. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणीच्या चित्रापुढे आम्ही उभे होतो. त्याच्या खांद्यावर उतरलेल्या काळ्याभोर बटा कुरळ्या आहेत, हे मी मैत्रिणीला दाखवले. पंधराशे वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकाराला कुरळे केस काढताना लाज वाटली नव्हती. जुन्या भाषेतही तशी लाज दिसत नाही. ‘अलक’ म्हणजे कुरळी बट आणि ‘कुंतल’ म्हणजे केस, हे शब्द स्त्रीच्या सौंदर्यवर्णनात आदराने आलेले आहेत. मग कुरळे केस हा दोष केव्हापासून झाला? माझ्या पिढीपुरते मी सांगू शकते. लग्नासाठी फोटो पाठवण्याची पद्धत आमच्या घरापर्यंत आली, त्या दिवसापासून झाला.

माझा तसा फोटो १९९१ साली निघाला. आदल्या रात्री काकूंनी माझे केस ओले करून, एरंडेल लावून, विंचरून डोक्याला घट्ट फडके बांधले. सकाळी फडक्यावरून कोळशाची इस्त्री फिरवण्याचाही विचार झाला होता. आजीने तो हाणून पाडला. स्टुडिओत मधोमध सरळ भांग आणि दोन्ही बाजूंना चिकटून बसलेले केस, अशा अवताराचा फोटो निघाला. तो पाहून स्थळ पसंत झाले. लग्नानंतर महिनाभराने मी पहिल्यांदा सासरी डोक्यावरून न्हाले. केस वाळू लागले तसे ते फुलून वर आले आणि आमचे हे दारात उभे राहून पाहतच राहिले. “फोटोतली कोण होती मग?” असे त्यांनी विचारले. त्यांनी ते थट्टेने विचारले होते, पण मी दुसऱ्या दिवसापासून केस ओढून अंबाडा घालू लागले. तो पुढे तेहतीस वर्षे सुटला नाही.

मुलीचे केस तसेच निघाले तेव्हा, मी भोगले ते तिने भोगू नये, असे मला प्रामाणिकपणे वाटले. माझ्या चुकीची सुरुवात या प्रामाणिकपणातच आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात तिच्या मावसबहिणीचे लग्न होते. ती पंधरा वर्षांची होती, नववीत चांगले गुण मिळाले होते. बक्षीस म्हणून मी तिला एका मोठ्या शहरातील सलूनमध्ये रीबाँडिंगसाठी घेऊन गेले. तिने मागितले नव्हते. मीच सुचवले, मीच तारीख घेतली, मीच पैसे भरले.

पाच तास ती त्या खुर्चीत होती. क्रीमच्या वासाने माझ्याही डोळ्यांतून पाणी येत होते. मान आणि कानामागचा भाग झोंबतो असे तिने दोनदा सांगितले, तेव्हा मी तिला, थोडे सहन कर, असे म्हटले. शेवटी इस्त्रीच्या दोन तापलेल्या पट्ट्यांतून एकेक बट ओढली गेली आणि आरशात एक अनोळखी, गुळगुळीत केसांची मुलगी दिसू लागली. मला अतिशय आनंद झाला. लग्नात सर्वांनी कौतुक केले. तिने तेव्हा काय म्हटले, ते मला आठवत नाही. मी विचारलेच नव्हते.

तिथे नेमके काय घडते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्या प्रथिनाच्या साखळ्या गंधकाच्या दुव्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. न्हाल्यावर किंवा विंचरल्यावर जे बदल दिसतात ते पाण्याने सुटणाऱ्या कच्च्या बंधांचे; पुन्हा ओले झाले की केस पूर्वपदावर येतो. गंधकाचे दुवे मात्र पाण्याने सुटत नाहीत. रीबाँडिंगच्या क्रीममधील थायोग्लायकोलेटसारखी रसायने ते तोडतात, तापलेल्या इस्त्रीने केस सरळ बसवला जातो आणि मग दुसऱ्या द्रावणाने दुवे नव्या जागी पुन्हा जोडले जातात. सगळेच पुन्हा जुळत नाहीत. कॉस्टिक सोड्याची काही क्रीम तर याहून तीव्र असतात. आपल्या लोणार सरोवराचे पाणी किती क्षारयुक्त आहे हे आपण जाणतो, ही क्रीम त्याच्याहून कितीतरी पटींनी अधिक अल्कधर्मी असतात. शिवाय केसाचा आकार ठरतो तो त्वचेखालील मुळाच्या पिशवीत. ती वाकडी किंवा चपटी असेल तर केस वळतच बाहेर येतो. डोक्यावर काहीही लावले तरी ती पिशवी बदलत नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि वाढतो तो कुरळाच.

त्यामुळे पोळ्याच्या सुमारास तिच्या डोक्यावर तीन बोटे कुरळे आणि खाली सरळ, असे दोन प्रकारचे केस झाले. जिथे दोन्ही भेटत, तिथे ते तुटू लागले. उशीवर, न्हाणीघरात, वहीच्या पानांत तुटके केस सापडत. दसऱ्यापर्यंत तिने ते कानापर्यंत कापून टाकले. मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेला ती डोक्यावरून ओढणी घेऊन गेली. त्या काळात मी तिला काय म्हटले होते, हे लिहायला आजही जड जाते. मी म्हटले होते, “तूच नीट काळजी घेतली नाहीस.”

तिने कधी तक्रार केली नाही. ती शिकायला पुण्याला गेली आणि तिथे केस पुन्हा वाढवले. २०१९ मध्ये मी तिच्याकडे गेले असता ती मला तिच्या केस कापणाऱ्याकडे घेऊन गेली. मी तोवर पाहिलेल्या प्रत्येक पार्लरमध्ये केस आधी ओले करीत, विंचरून सरळ ताणीत आणि मग एका रेषेत कापीत. कुरळ्या केसांची यात फसगत होते. ओला केस लांब दिसतो, वाळला की स्प्रिंगसारखा वर जातो, आणि प्रत्येक बट सारख्या अंतराने वर जात नाही. म्हणून ओल्यात सरळ दिसलेली कड वाळल्यावर पायऱ्यापायऱ्यांची होते. या गृहस्थांनी तिला केस कोरडे आणि मोकळे ठेवूनच यायला सांगितले होते. ते खुर्चीभोवती दोनदा फिरले, काही बटा बोटांनी ओढून सोडल्या, कोणती किती वर उडी मारते ते पाहिले आणि मग एकेक बट तिच्या वळणावर कापली. नंतर केस धुऊन ओले असतानाच जेल लावले, टॉवेलने न चोळता सुती कापडाने दाबले आणि कमी उष्णतेच्या वाऱ्यावर वाळवले. विंचरणे नाही, ब्रश नाही. ब्रशने कुरळ्या केसाची बट फुटते आणि तिचा कापूस होतो, असे त्यांनी सांगितले.

मी त्यांना विचारले, कुरळे केस इतके कोरडे का असतात? त्यांचे उत्तर सोपे होते. डोक्याच्या त्वचेतून निघणारे तेल सरळ केसावरून घसरत खाली जाते. कुरळ्या केसावर त्याला प्रत्येक वळणावर थांबावे लागते. टोकापर्यंत ते पोहोचतच नाही. आईच्या खोबरेलाचा हेतू बरोबर होता म्हणायचा, फणी तेवढी चुकीची होती.

ते जेल घरी कसे करायचे, हे मुलीने मला दाखवले तेव्हा मी चकितच झाले. मूठभर जवस दोन पेले पाण्यात उकळायचे, अंड्याच्या पांढऱ्यासारखा चिकट बलक सुटू लागला — ही उपमा तिच्या एका मैत्रिणीची, आमच्या घरात ती चालत नाही — की गरम असतानाच गाळून घ्यायचे. थंड झाल्यावर गाळले तर फडक्यातून थेंबही उतरत नाही. ते चार-पाच दिवसांत संपवावे लागते. जवसाची चटणी आम्ही वऱ्हाडात जन्मभर खात आलो. तोच जवस डोक्याला लावायचा, हे कोणाला सुचले नव्हते.

तर “आई, पुन्हा?” या प्रश्नामागे एवढे सगळे होते.

त्या रात्री मी तिची क्षमा मागितली नाही. आपल्याकडे संवत्सरीला, क्षमावाणीला आपण सर्वांना ‘मिच्छामि दुक्कडं’, ‘उत्तम क्षमा’ म्हणतो. ज्याची खरोखर मागायची ती मात्र राहून जाते. मी तिला फक्त म्हटले, मला याबद्दल वाचायला दे. तिने दिले.

वाचून मी धास्तावले. केस ‘केराटिनने’ गुळगुळीत करण्याच्या अनेक उपचारांत फॉर्मल्डिहाइड असते किंवा तापवल्यावर सुटते. फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग निर्माण करते, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच ठरवले आहे. अमेरिकेत ३३,४९७ स्त्रियांची सुमारे अकरा वर्षे पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. केस सरळ करण्याची उत्पादने न वापरणाऱ्यांत वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण १.६४ टक्के, तर ती वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के असावे, असा त्यांचा अंदाज निघाला. एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही आणि प्रमाण दोन्हीकडे लहानच आहे, हेही खरे. पण मी पंधरा वर्षांच्या मुलीला त्या खुर्चीत बसवले होते. ‘फॉर्मल्डिहाइड-मुक्त’ म्हणून आलेल्या काही उत्पादनांत ग्लायॉक्सिलिक आम्ल असते. २०२४ मध्ये एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात सव्वीस वर्षांच्या एका निरोगी तरुणीची हकीकत आली. तीन वेळा केस सरळ केले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचक भगिनींनी ध्यानात घेण्यासारखी आहे. बाटलीवर ‘केराटिन’ असे लिहिलेले असते ते येते कुठून? बहुतांशी मेंढीच्या लोकरीपासून किंवा पक्ष्यांच्या पिसांपासून. केस फुलवण्याच्या गोल ब्रशांत कित्येकदा रानडुकराचे राठ केस असतात. आपण बिस्किटाच्या पुड्यावरील हिरवा ठिपका डोळ्यांजवळ नेऊन तपासतो आणि पार्लरमध्ये डोके पुढे करून डोळे मिटतो. मीही तेच केले होते.

हे वाचन चालू असतानाच आमच्या जिल्ह्याचे नाव देशभर झाले. शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. आधी डोक्याला खाज, मग केस राठ, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी नुसता हात फिरवला तरी मूठभर केस हातात, अशी लक्षणे होती. लहान मुले, बायका, म्हातारी माणसे, कोणीच सुटले नाही. पहिला संशय खाऱ्या पाण्यावर गेला, शाम्पूवर गेला, बुरशीवर गेला. आरोग्य विभागाने पाण्याचे, केसांचे, त्वचेचे नमुने नेले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक आले. पुढे विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले. सेलेनियम हे गंधकाचे जवळचे भावंड. शरीरात ते फार झाले की केस आणि नखे गळतात, हे गुराढोरांच्या बाबतीत पूर्वीपासून माहीत आहे. केराटिनमधील गंधकाच्या जागी ते शिरते आणि केस कमकुवत होतो, असे मानतात. ज्या दुव्यांसाठी मी पैसे मोजले होते, ते दुवे तिकडे घासभर पोळीने तुटत होते.

आमच्याकडे लग्नाच्या पापडांना मदतीला येणाऱ्या बाईंचे माहेर त्या गावांपैकी एका गावचे. त्यांच्या भावजयीचे केस गेले होते. पापड लाटता लाटता त्या सांगत होत्या, “बाई, ते पदर खाली घेतच नाही. न्हाव्यानं मुलायचे डोके भादरले ते बरं, पोरीबाळीइचं काय करावं? बघाले येणारे पाव्हणे थांबले गावात.” समोरच्या खुर्चीवर माझी मुलगी केस मोकळे सोडून बसली होती, नुकतीच न्हालेली. त्या बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “किती दाट केस हायेत लेकराचे.” एवढेच. नंतर मी मुलीसमोर स्मूदनिंगचा विषय काढला नाही.

काही आठवड्यांनी त्या गावांत अनेकांच्या डोक्यावर पुन्हा लव दिसू लागल्याचे कळले, तेव्हा मी पहिला फोन त्या बाईंना केला. भावजयीचेही उगवत होते.

पार्लरच्या ताईंना मी पुन्हा बोलावले. त्या काळात त्यांच्याकडची रासायनिक कामे जवळजवळ बंद पडली होती. गिऱ्हाइके शाम्पूलाही घाबरत होती. मुलीने त्यांना सगळे समजावले. त्यांनी मन लावून ऐकले आणि मग जे म्हणाल्या, त्याने माझा त्यांच्याबद्दलचा राग गेला. “मला कुरळे केस कोणी शिकवलेच नाहीत, काकू. कोर्सला सरावासाठी पुतळ्याचं डोकं असतं ना, त्याचे केस सरळच असतात. कुरळं गिऱ्हाईक आलं की आधी सरळ करायचं आणि मग पुढचं काम, एवढंच शिकलो.” ही अडचण आपल्याकडचीच नव्हे. ब्रिटनमध्ये केशकर्तनाच्या व्यावसायिक मानकांत सर्व प्रकारच्या केसांचे काम २०२१ मध्ये समाविष्ट झाले. कॅलिफोर्नियात तर २०१९ मध्ये कायदा करावा लागला, की नैसर्गिक केसांवरून कोणाला नोकरीत किंवा शाळेत डावलू नये. तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी त्यासाठी जे सोसले, त्यापुढे माझे ‘सुगरणीचा खोपा’ काहीच नाही.

फेब्रुवारीत लग्न झाले. पहाटे चार वाजता ताई आल्या. जवसाचे जेल मी आदल्या दिवशीच गाळून ठेवले होते, आणि न्हाण्यासाठी खास टँकरचे गोडे पाणी. केस वाळायला अपेक्षेपेक्षा फार वेळ लागला. मुहूर्त जवळ येऊ लागला तसा माझा धीर सुटला. खरे सांगायचे तर इस्त्री आणा असे म्हणण्याच्या मी अगदी बेतात होते. ताईच म्हणाल्या, थांबा काकू. त्यांनी वरच्या बटा सैल ठेवून मागे एक साधा खोपा बांधला, त्यात अबोली माळली आणि कपाळावर येणाऱ्या दोन बटांना हात लावला नाही. आमच्या एका आत्याबाई आहेर करताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “पोरीचे केस विंचरायला वेळ नाही मिळाला का गं?” मुलीच्या सासूबाई मात्र जेवताना जेलची कृती विचारत होत्या. त्यांच्या धाकट्या नातवाचे केस तसेच आहेत आणि घरचे ते दर महिन्याला भादरून टाकतात.

पाठवणीच्या वेळी मुलीला मिठी मारताना तिचे केस माझ्या चेहऱ्यावर आले. तेव्हा मी तिच्या कानात बोलले ते, जे जानेवारीत बोलायचे राहिले होते आणि खरे म्हणजे २०१३ मध्येच बोलायला हवे होते. तिने, “आई, आता रडू नको, मेकअप जाईल,” असे म्हटले. कोणाचा, ते सांगितले नाही.

ताईंनी आता कुरळ्या केसांचे काम शिकायचे ठरवले आहे. मुलगी त्यांना फोनवर चित्रफिती पाठवते आणि सरावासाठी डोके मी देते. मागच्या मंगळवारी मी पहिल्यांदा केस मोकळे आणि कोरडे घेऊन त्यांच्या खुर्चीत बसले. अर्धे पांढरे, इतकी वर्षे ओढून ओढून कपाळाशी विरळ झालेले. त्यांनी मानेजवळची एक बट खाली ओढली आणि सोडली. ती वर गेली, पण अर्ध्यावरच थांबली.

“जेल लावून बघू,” ताई म्हणाल्या. “अजून आहे वळण.”